वंदनाचा थायराइड

किस्से मी गोळा करत नाही हो. ते आपल्या पायांनी चालत येतात, बाहेरच्या बाकावर बसतात, नंबर लावतात आणि आत आल्यावर दार लोटून म्हणतात, "मॅडम, जरा बोलायचं होतं." पंचवीसएक वर्षं वर्ध्याजवळ सिंदी मेघेत बायकांचा दवाखाना चालवतेय. औषधांना एक्स्पायरी असते म्हणून ती फेकता तरी येतात. किस्से कुठे फेकायचे?

आज जे सांगते ते सगळे एकाच घरचे आहेत. देवळीचं घर, कापडाचं दुकान, गावाबाहेर थोडं वावर, दारात गाय. नावं अर्थातच बदलली आहेत. स्वभाव बदलता आले असते तर तेही बदलले असते, पण ते माझ्या डिग्रीत बसत नाही!

* * *

पहिल्यांदा आले तेव्हा पुढे सुमनबाई. म्हणजे सासू. त्यांच्या मागे धाकटा मुलगा नितेश आणि सगळ्यात मागे त्याची बायको वंदना, जिच्यासाठी हे सगळे आले होते. माझ्यासमोर पेशंटची खुर्ची एकच. तिच्यावर कोण बसलं असेल? सुमनबाई!

"लग्नाले पाच वर्षं झाले, मॅडम. मोठीले तीन पोट्टे हायेत. इले काही नाई."

मी म्हटलं, "बाई, जिच्या तपासण्या करायच्या तिला बसू द्या की."

"ते उभी राह्यते. सवय आहे तिले."

वंदनाच्या सगळ्या तपासण्या केल्या. सोनोग्राफी, नळ्या, पाळीची हार्मोन्स, सगळं व्यवस्थित. मग नितेशची पाळी. नवऱ्याला तपासणीला राजी करायचं माझं एक भाषण आहे, ते मी घसा खाकरून सुरू करणार, तर पठ्ठ्या म्हणाला, "कुठे जायचं, मॅडम?" गेला, आला, रिपोर्ट दिला. तोही उत्तम. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, शहाणं घर दिसतंय.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई पेढ्यांचा डबा घेऊन हजर! बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटना वाटून झाले, आमच्या रिसेप्शनवरच्या ज्योतीला दोन, मला दोन.

"कशाचे हो पेढे?"

"नितेश पास झाला!"

"अहो, वंदनाचे तर सगळेच रिपोर्ट चांगले आलेत. तिचे पेढे कुठे आहेत?"

सुमनबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की माझी डिग्री खरी आहे की नाही असा मलाच संशय यावा.

"इचे कायचे पेढे? दोष तर इच्यातच हाय न."

"कशावरून?"

"नितेशचा चांगला आला म्हून!"

* * *

आता या लोकांना समजवायचं होतं की कधीकधी दोघंही ठणठणीत असतात, तरी दिवस जात नाहीत, आणि का जात नाहीत ते कोणालाच सांगता येत नाही. आमच्या पुस्तकात त्याला नाव आहे. कारण न सापडणारं वंध्यत्व. नाव मोठं, अर्थ एवढाच की आम्हाला माहीत नाही. मी हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. वाट पाहण्यासारखं वय आहे, काही उपाय आहेत, तेही सांगितले.

सुमनबाईंनी खोलीभर नजर फिरवली. सोनोग्राफीचं मशीन पाहिलं, एसी पाहिला, भिंतीवरची सर्टिफिकेटं पाहिली.

"बाप्पा! इतकं सामान लावून ठेवलं, अन् कारण नाई सापडत?"

नितेश मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. त्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"आई म्हणन ते."

बत्तीस वर्षांचा गडी! दुकानात गिऱ्हाइकाशी मीटरमागे दहा रुपयांसाठी अर्धा तास भांडतो म्हणे. घरात मात्र 'आई म्हणन ते'. मला असल्या गरीब गाईंचा भयंकर राग येतो. गरीब ते बायकोच्या वेळेपुरतेच असतात.

मग ते कारण सांगणारा डॉक्टर शोधायला गेले. आणि लक्षात ठेवा, कारण सांगणारा डॉक्टर शोधला की सापडतोच.

* * *

वर्ध्यात एक फिजिशियन आहेत. आम्ही डॉक्टर मंडळी आपसात त्यांना आकडेसाहेब म्हणतो. पेशंटचा चेहरा पाहण्याआधी ते रिपोर्टचा आकडा पाहतात, आणि पुष्कळदा नंतरही चेहरा पाहायचा राहूनच जातो. त्यांनी वंदनाच्या रक्ताची यादीभर तपासणी लिहिली. त्यात थायराइडचीही होती. लॅबचा माणूस देवळीला घरी जाऊन सकाळी रक्त घेऊन आला. रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे ग्रंथी सुस्तावली की वाढणारा आकडा, सहाच्या आसपास, हद्दीच्या जरासा वर. प्रत्यक्ष थायराइडचं हार्मोन नॉर्मल.

याला आम्ही सौम्य म्हणतो. ग्रंथी बंद पडलेली नसते, किंचित सुस्तावलेली असते. आकडा खूप वर असेल तर गोळी द्यायलाच हवी, तिथे ती गोळी म्हणजे देवदूत. मूल हवं असणाऱ्या बाईला असा थोडा वाढलेला आकडा दिसला तर पुष्कळ डॉक्टर लहान डोस देतात, मीसुद्धा देते. पण आधी पुन्हा तपासते, कारण हा आकडा आज वर, उद्या खाली, असाही निघतो. आणि तिला खरं काय ते सांगते, "बाई, या गोळीनं मूल होईलच असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही."

आकडेसाहेबांनी काय सांगितलं? "सापडलं कारण!"

झालं! सुमनबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या देवळीला कळलं की नितेशच्या बायकोला थायराइड आहे. कापड घ्यायला आलेल्या बायका ब्लाउजपीस बाजूला ठेवून वंदनाचा गळा पाहायच्या!

एका लग्नात आकडेसाहेब भेटले. गुलाबजाम खात होते. मी म्हटलं, "साहेब, इतका थोडा वाढलेला, एकदा रिपीट तरी करायचा."

"कशाला? गोळी स्वस्त आहे. नुकसान काय त्यात?"

"गोळीनं नाही होत हो. तुम्ही 'कारण' म्हणालात ना, त्या शब्दानं होतं."

"मॅडम, तुम्ही फार विचार करता," साहेब म्हणाले आणि तिसरा गुलाबजाम घेतला. त्यांची स्वतःची शुगर किती आहे ते अख्ख्या वर्ध्याला माहीत आहे.

* * *

ही गोळी सकाळी अनशापोटी घ्यायची असते, नुसत्या पाण्यासोबत, आणि मग अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. सुमनबाईंच्या राज्यात हे कसं चालावं? गोळ्यांची डबी गेली देवघरात. रोज सकाळी देवाची आंघोळ, हळदकुंकू, आरती. मग गोळी देवापुढे ठेवायची, मग वंदनाच्या तळहातावर, आणि वरून वाटीभर तापलेलं दूध, तूप घालून!

मला हे कळलं ते वंदना एकटी येऊन भेटली तेव्हा. देवळीहून बसनं आली होती, चोरून. मी कपाळाला हात लावला. "अगं, दुधासोबत घेतली तर निम्मी वाया जाते ती गोळी!"

वंदना सासूला आत्याबाई म्हणायची. म्हणाली, "मी सांगतलं मॅडम. आत्याबाई म्हणाल्या, देवापेक्षा डॉक्टर मोठा का?"

मी म्हटलं, "देवाला विचार, त्याला तरी तुपातली गोळी चालते का!"

ती हसली. या सगळ्या प्रकरणात ती मनापासून हसलेली मी तेवढीच पाहिली.

* * *

आता गाईचं ऐका. अहो, खरी गोष्ट आहे, हसू नका.

त्यांच्या दारातली गाय दोन वेळा भरवून गाभण राहिली नव्हती. सुमनबाईंनी डोकं लढवलं. सुनेला पोर होत नाही, गाईला वासरू होत नाही, म्हणजे रोग एकच! वंदनाच्या डबीतल्या गोळ्या गुळाच्या खड्यात घालून गाईला सुरू. आठवडाभर. त्याच दिवसांत जनावरांचा डॉक्टर येऊन गाईला व्यवस्थित इंजेक्शन देऊन गेला, पण त्याचं नाव कोण घेतो?

गाय गाभण राहिली.

सुमनबाई खास मला सांगायला आल्या, दह्याचं मडकं घेऊन. चेहऱ्यावर असा आनंद की मला वाटलं, वंदनालाच दिवस गेले!

"मॅडम, गोळी लय पावरफुल हाय. आमची गाय राह्यली न!"

मी म्हटलं, "अहो, गाईला थायराइड होता हे कोणी सांगितलं?"

"नाई तर राह्यली कशी?"

मी दही ठेवून घेतलं, काय करणार. पण जाताना दारात थांबून त्या जे बोलल्या, ते ऐकून मला ते मडकं बाहेर भिरकावून द्यावंसं वाटलं.

"जनावराले लागू पडली, इले नाई पडली. आता तुमीच सांगा, दोष गोळीत हाय का इच्यात?"

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी वंदनाला माहेरी धाडलं. हिंगणीला. भांडण नाही, मारझोड नाही, सगळं अगदी गोडीत. "थायराइड बरा होयेपर्यंत राह्य. नॉर्मलचा रिपोर्ट आण अन् ये." जणू अंगावर गोवर उठला आहे, घरातल्या पोरांना लागेल!

सोडायला नितेशच गेला, मोटरसायकलवर. मी त्याला फोन केला. मला काय गरज होती म्हणा, पण माझ्या जिभेला हाड नाही.

"का सोडलं तिला?"

"आई म्हणाली."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, सांभाळून राह्य."

इतका प्रेमळ नवरा! मी फोन ठेवला आणि ज्योतीला म्हटलं, मला चहा आण, नाहीतर मी पुढच्या पेशंटवर ओरडेन.

इकडे देवळीत मुली पाहायला सुरुवात झाली होती. उघड नाही, नुसती चौकशी. सेलूकडची एक मुलगी, बापाचं किराण्याचं दुकान. सुमनबाईंची अट एकच, आणि ती त्यांनी म्हणे पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगितली, "आधी थायराइड करून आना."

* * *

हिंगणीहून वंदनाला तिचे वडील घेऊन आले, केशवराव. साधा शेतकरी माणूस. पोरीचा हात धरून आत आणलं त्यांनी. तिला बसवलं आणि मी घाबरले. हात थरथरत होते, घाम फुटलेला, नाडी धावत होती. वजन उतरलेलं. झोप नाही म्हणाली, छातीत नुसतं धडधडतं.

रक्त तपासलं. टीएसएच पार तळाला, म्हणजे गोळी अती झालेली. हे एवढ्याशा डोसानं होत नाही.

"किती गोळ्या घेतेस?"

तिनं बापाकडे पाहिलं. केशवराव टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"मी देल्या, मॅडम जी. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दुकानातून वेगळ्या आणल्या. म्हटलं, लवकर नॉर्मल होईन तं लवकर घरी जाईन पोरगी. परीक्षा जवळ आली का आपण अभ्यास वाढवतो न?"

दुसरं कोणी असतं तर मी सोलून काढलं असतं. या माणसाला काय बोलणार? मी एवढंच म्हटलं, "बापू, अभ्यासानं पोरगी मेली असती."

तो माणूस तिथंच भिंतीला टेकून रडला. आणि मला जो राग आला तो त्याचा नाही, देवळीच्या त्या पेढे वाटणाऱ्यांचा आला, तिसऱ्या गुलाबजामाचा आला.

मी सगळ्या गोळ्या बंद केल्या. वंदना म्हणाली, "मॅडम, बंद करू नका. गोळी बंद केली तं रिपोर्ट वाढन. मंग मले घरी घेनार नाहीत."

"तुला जायचं आहे त्या घरी? खरंच?"

"लोकं मायाकडे पाह्यतात, मॅडम. गळ्याकडे पाह्यतात. मी परत नाही गेली तं सारा गाव म्हणन, इच्यातच होता दोष. मले पोट्टं नाही झालं तरी मी राहीन. पण हा 'दोष' घेऊन नाही राह्यता येत मले."

मी म्हटलं, "आता काही आठवडे एकही गोळी नाही. मग मी स्वतः रक्त काढीन, माझ्या हातानं. जे येईल ते सगळ्यांसमोर वाचीन."

* * *

ठरल्याप्रमाणे तिचं रक्त मी स्वतः काढलं. रिपोर्ट आल्यावर सगळ्यांना बोलावलं. एका बाजूला केशवराव आणि वंदना. दुसऱ्या बाजूला सुमनबाई, अर्थातच खुर्चीत, मागे नितेश, आणि सोबत घरची मोठी सून छाया. तिच्या कडेवर तिचं धाकटं, नाक वाहतंय, हातात बिस्किट. छायाला मी पहिल्यांदाच पाहत होते. तीन पोरांची ती आई, हीच.

मी रिपोर्ट वाचला. टीएसएच दोनच्या जरासा वर. गोळी नाही, काही नाही, तरी नॉर्मल.

"म्हणजे बरा झाला?" सुमनबाई.

"गोळ्या केव्हाच्या बंद आहेत, बाई. आणि नुसता आकडा नाही, थायराइडच्या अँटीबॉडीजही पाहिल्या. तिला थायराइडचा काही त्रास आहे असं मला दिसत नाही. कधीकधी थोडा वाढलेला आकडा आपोआप उतरतो. किंवा मग पहिल्या वेळी लॅबमध्ये काहीतरी गडबड..."

"लॅबमध्ये नाई झाली," छाया म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. तिनं पोराचं नाक पदरानं पुसलं.

"थे रक्त माझं होतं, मॅडम."

सुमनबाईंना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. हात हलवत म्हणाल्या, "मंग का करू? लॅबवाला सुई घेऊन दारात उभा, अन् हे बाहेरची बसली होती. त्या दिवसांत शिवता येते का? त्या रक्तानं रिपोर्ट बिघडते. लॅबवाल्याची चक्कर फुकट जाईन म्हून मी मोठीले म्हटलं, तू हात दे. नाव वंदनाचंच लिहा म्हटलं. अन् इले सांगतलं, मॅडमकडं काढलेलं जुनंच रक्त तपासलं. एकाच चुलीवरचं खातात दोघी. रक्त का वेगळं राह्यते?"



केशवराव उभे राहिले आणि पुन्हा बसले. वंदना छायाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं.

मी छायाला विचारलं, "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मले कोनी इचारलं, मॅडम? पह्यले वाटलं, ताकदीची गोळी हाय, घेऊ दे. मंग इले हिंगणीले धाडलं, तवा मी आत्याबाईले म्हटलं, थे रक्त माझं होतं. त्या म्हणाल्या, तुले तीन पोट्टे हायेत, तुले कायचा थायराइड! गप बस."

"मंग बरोबरच म्हटलं न मी!" सुमनबाई म्हणाल्या. "थायराइडवालीले पोट्टे होतात का कधी?"

आणि हे म्हणता म्हणता त्यांची नजर छायाच्या कडेवरच्या पोराकडे गेली. पोरानं बिस्किट चोखलं आणि आजीकडे बघून हसलं. सुमनबाईंचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. नितेशनं पहिल्यांदाच मोबाइल खिशात ठेवला.

छाया उठली. पोराला आणून सुमनबाईंच्या मांडीवर ठेवलं, बिस्किटासकट. पदर खोचला.

"चाला मंग, आत्याबाई. वंदनाले घरी न्या अन् मले माहेरी सोडून द्या, थायराइड बरा होयेपर्यंत. दोघं पोट्टे शाळेतून पाच वाजता येतात. त्याइले भूक लय लागते, पाह्यजा."